अल्बमाचं काम काढलंय

जुने फोटो लावायचं काम मे महिन्यात काढू नये, निदान आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात तरी नाही. बाहेर ४५ डिग्री, पंखा लावला की गावावार लावलेले गठ्ठे उडून तोरणमाळ अजिंठ्यात मिसळतं आणि ओंकारेश्वर दिवाणखाली जातं, पंखा बंद करावा तर मीच उडायच्या बेतात. कूलर पण लावून पाहिला. त्या दमट हवेत फोटोंना बाक आला आणि काही एकमेकांना असे चिकटले की काकांच्या डोक्यावर आता कायमचा धबधबा पडतोय.

हे सगळं लेकीमुळे. तिनं इन्स्टावर कोणाचं तरी स्क्रॅपबुक पाहिलं, मम्मी तुमच्या ट्रिपा किती भारी होत्या, आपण पण करू ना! मग ॲसिड-फ्री कागद मागवला (साध्या कागदानं फोटो पिवळे पडतात म्हणे), रंगीत टेपा आल्या, एक पान झालं आणि मॅडम सुट्टी संपवून पुण्याला. राहिले मी, आईच्या घरून आणलेली सुटकेस आणि उरलेली कोरी पानं.

अण्णा रेल्वेत होते, म्हणून आमच्या सगळ्या सहली पासावर. कुठं जायचं हे डोंगर का समुद्र यावर नाही, पास कुठपर्यंत चालतो यावर ठरायचं. अण्णांचा नियम असा की गाडीतून उतरलं की पहिला फोटो स्टेशनच्या पिवळ्या पाटीसमोर. रोल ३६चा, त्यातले कितीतरी पाट्यांवरच खर्च. खंडव्याहून इंदूरला जायची ती मीटर गेज होती ना, तिच्यात बसलो तेव्हा कालाकुंडला सगळे लोक कलाकंद घ्यायला पळाले आणि आम्ही भावंडं पाटीखाली रांगेत उभे, तोंडं सुतकी. पुढं पाताळपाणीचा धबधबा आला तर अण्णांनी तो खिडकीतूनच काढला, त्यात खिडकीचे गज अप्रतिम आलेत. आई म्हणायची, "अहो, एखादा डोंगराचा काढा ना, पाटी काय पळून चालली?" अण्णा म्हणायचे, "डोंगर पण कुठं पळतोय?"

आता गंमत अशी की आईनं हट्टानं काढून घेतलेले डोंगर, दऱ्या, सूर्यास्त, यातलं एकही ठिकाण कोणाला ओळखू येत नाही. एकच दरी आई म्हणते तोरणमाळची सीताखाई, दादा म्हणतो पचमढी, धुळ्याची आत्या म्हणते अगं ही सप्तशृंगीची वाट, मला तिथं चप्पल चावली होती. पाटीवाल्या फोटोंवर मात्र गावाचं नाव मराठी-हिंदी-इंग्रजीत आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची पण. अण्णांना हे सांगितलं तर ते नुसतं "हं" म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं. त्या "हं"वरून आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

तारखांचं तर विचारूच नका. काकांचा कॅमेरा फोटोवर तारीख छापायचा, पण सेल बदलल्यावर ती कोणी लावलीच नाही, म्हणून आमच्या घामाघूम झालेल्या सगळ्या उन्हाळी सहली १ जानेवारीच्या आहेत. शेवटी निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरून बसले, पट्टीच्या कडेला बारीक आकडे असतात, १२, १२ए, १३, त्यावरून कुठला फोटो आधीचा ते कळतं. त्यातून सिद्ध झालं की अजिंठा आणि मावशीचा साखरपुडा एकाच रोलमधे आहेत, मधे अखाजीचा, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेचा झोका.

अजिंठ्याचे फोटो म्हणजे काळे चौकोन. लेण्यात फ्लॅशला बंदी आणि अण्णांचा साधा कॅमेरा, काय येणार? एका काळोखात दोन डोळे चमकतात ते भिंतीवरच्या चित्रातल्या पद्मपाणीचे का आमच्या दादाचे यावर अजून एकमत नाही. मी वैतागले की मला तो रॉबर्ट गिल आठवतो. ब्रिटिश सैन्यातला माणूस, १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला काढत बसला, त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमधे लावल्या आणि १८६६च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. आणि हा बाबा परत नकला काढायला बसला! त्याची कबर आमच्या भुसावळलाच आहे. माझे तर अजून जळलेले नाहीत, नुसते चिकटलेत.

आणि चिकटलेत म्हणजे कसे, ते प्लास्टिकचा पातळ कागद उचलून खाली फोटो दाबायचे अल्बम आठवतात? त्याचा गोंद पिवळा पडून पार सिमेंट झालाय. नेटवर सांगतात फोटोखालून डेंटल फ्लॉस फिरवा, हेअर ड्रायरनं गोंद गरम करा. ड्रायर इथं मेमधे कशाला लागतो, खिडकी उघडली की झालं. फ्लॉसऐवजी आईनं गोधडीचा दोरा दिला आणि तो खरंच चालला.

पण काम अडलंय ते आजीवर. भिंतीवर हार घातलेला तिचा फोटो आहे ना, तो तोरणमाळच्या ग्रुप फोटोतून काढलेला, कारण आजीचा एकटीचा फोटोच कधी कोणी काढला नव्हता. स्टुडिओवाल्यानं आजूबाजूचे सगळे पुसले, मागं निळं आभाळ टाकलं, पण आजीच्या खांद्यावरचा एक हात राहून गेला. बिनमाणसाचा. वीस-पंचवीस वर्षं आम्ही त्याला नमस्कार करतोय. आता मूळ फोटोखाली नावं लिहायची म्हटलं तर तो स्टुडिओवाल्यानं परत दिलाच नव्हता, निगेटिव्ह पण त्याच्याकडेच गेली आणि दुकान कधीच बंद झालं. मी फॅमिली ग्रुपवर सहज विचारलं, हा हात कोणाचा?

विचारायला नको होतं असं दादा म्हणतो. धुळ्याची आत्या म्हणे माझा, आईची सगळ्यात लाडकी मीच. चोपड्याची मोठी आत्या म्हणे मनगटावर पाटली दिसते, ती आईनं मला घातली होती. मग व्हॉइस मेसेज सुरू झाले, इतके लांब की आई ते कूलरसमोर बसून लागोपाठ ऐकते. शेवटी मोठ्या आत्यानं जाहीर केलं, "पाटली घेऊन येते रविवारी, फोटोला लावून पाहा." त्यावर धुळ्याहून लगेच उत्तर, "पाटली कोणालाही घालता येते, मी हातच घेऊन येते."

दोघी येताहेत. भरताची वांगी आणायला सांगितलीत, फोटो गुंडाळून दिवाणखाली ढकललेत आणि आजीचं पान कोरं ठेवलंय.