‘इफेक्ट बंद करा’ ही पळवाट नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमच्या एक्सएफसीई आवृत्तीवर (एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप) विंडो ओढली की ती अडखळते, मधोमध फाटल्यासारखी दिसते, मेनू बंद केला तरी त्याचा ठसा मागे राहतो, अशा तक्रारींवर मी मागे एक पोस्ट लिहिली होती आणि आधी इफेक्ट, म्हणजे विंडोच्या सावल्या, पारदर्शकता वगैरे, बंद करून बघा असं सांगितलं होतं. तिच्याखाली एका वाचकांनी सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. तिथेच उत्तर द्यायचं होतं, पण लिहिता लिहिता ते वाढलं, म्हणून वेगळी पोस्ट करतोय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश (एक्स११ ही लिनक्सवर विंडो स्क्रीनवर दाखवणारी जुनी व्यवस्था, वेलँड ही तिची जागा घेणारी नवी): ‘इफेक्ट बंद करा हा उपाय नव्हे, पळवाट आहे. ड्रायव्हर तपासायला सांगायला हवं होतं. जग वेलँडवर गेलं, तुम्ही अजून एक्स११ धरून बसलाय. ऑल्ट-शिफ्ट-एफ१२ माझ्या एक्सएफसीईवर चाललंच नाही. लॅपटॉप सस्पेंडमधून उठवल्यावर स्क्रीनवर रंगीत कचरा दिसतो, तो तुमच्या पोस्टने गेला नाही. हल्ली माऊस हातात आला की कोणीही तंत्रज्ञ होतो आणि इंग्रजी पानांचं मराठी करून ब्लॉग भरतो.’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं वाचून झाल्यावरही तेच डोक्यात राहिलं. माझी पोस्ट चुकली असेल तर चूक दाखवा, मी ती दुरुस्त करेन. पण माझं लिखाण उचललेलं आहे हा आरोप आहे, आणि आरोप करणाऱ्याने निदान एक ओळ तरी दाखवावी की ही अमुक पानावरून घेतली. तुम्ही तसं काही दाखवलेलं नाही.

आता विषय काढलाच आहे तर सांगतो. ऑक्टोबर २००७ मध्ये उबुंटू ७.१० (लिनक्सचीच एक आवृत्ती) आलं आणि त्यात कॉम्पिझ हा इफेक्ट दाखवणारा प्रोग्रॅम पहिल्यापासून चालू असायचा. मी तेव्हा नाशिकमध्ये कॉलेजात होतो. घरी इंटरनेट नव्हतं. कॅनॉनिकल कंपनी त्या काळात सीडी पोस्टाने फुकट पाठवायची, तशी मागवलेली सीडी आम्ही मित्र आळीपाळीने वापरायचो. थरथरणाऱ्या विंडो आणि घनासारखा फिरणारा डेस्कटॉप बघायला सगळ्यांना आवडायचं, पण अर्ध्या मशीनवर कॉम्पिझ चालू केलं की नुसता पांढराफटक स्क्रीन यायचा. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ१ दाबून काळ्या टर्मिनलवर जायचं आणि तिथून आज्ञा देऊन मेटासिटी हा साधा विंडो मॅनेजर (विंडो सांभाळणारा प्रोग्रॅम) परत आणायचा. हे मराठीत लिहिलेलं पान मला तेव्हा मिळालं नाही, इंग्रजीतलं वाचायला कॉलेज रोडवरच्या कॅफेत तासाचे पैसे मोजावे लागायचे. पुढे सातपूर आणि अंबडच्या लहान कारखान्यांची ऑफिसं सांभाळताना हेच काम पोटापाण्याचं झालं. ‘माऊस हातात आला की’ हे तुम्ही कोणाला उद्देशून लिहिताय याचा थोडा विचार करायला हवा होता.

आता मूळ मुद्दा. इफेक्ट बंद करणं ही पळवाट.

माझी पोस्ट तुम्ही पूर्ण वाचली असती तर लक्षात आलं असतं की इफेक्ट बंद करणं हे मी पहिलं पाऊल म्हणून सांगितलंय, शेवटचं नाही. घरात एमसीबी सारखा पडत असेल तर वायरमन आल्या आल्या भिंत फोडत नाही. आधी सगळी बटणं बंद करतो, मग एकेक चालू करत जातो. तो पळ काढतोय असं आपण म्हणतो का?

इथेही नेमकं तेच आहे. हे इफेक्ट घालणाऱ्या प्रोग्रॅमला कंपोझिटर म्हणतात. तो चालू नसताना प्रत्येक प्रोग्रॅम आपली विंडो थेट स्क्रीनवर रंगवतो. कंपोझिटर चालू असला की प्रत्येक विंडो आधी मेमरीत बाजूला रंगवली जाते, आणि मग कंपोझिटर त्या सगळ्या एकावर एक रचून, सावल्या आणि पारदर्शकता घालून अखेरचं चित्र तयार करतो. २००४ मध्ये एक्स११च्या एक्स.ऑर्ग ६.८ या आवृत्तीत ही सोय आली आणि पुढचा सगळा चकचकाट तिच्यावरच उभा राहिला. म्हणजे प्रोग्रॅम आणि स्क्रीन यांच्यामध्ये एक जास्तीचा थर आला. तो थर काढल्यावर दोष गेला, तर दोष कंपोझिटरमध्ये किंवा त्याच्या आणि ड्रायव्हरच्या व्यवहारात आहे. थर काढूनही दोष तसाच राहिला, तर कंपोझिटरच्या मागे लागण्यात अर्थ नाही, आणखी खाली बघायचं: ड्रायव्हर, कर्नल (सिस्टीमचा गाभा), केबल, मॉनिटर. एक्सएफसीईमध्ये यासाठी विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये जाऊन कंपोझिटरच्या टॅबवरची एक खूण काढावी लागते. काही इन्स्टॉल करायचं नाही, मशीन रीस्टार्ट करायचं नाही, आणि खूण परत लावली की सगळं पूर्ववत. एवढ्या स्वस्तात अर्धा तपास होत असेल तर तो आधी का करू नये, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

एक उदाहरण देतो. नाशिकच्या सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक), कोर्टाच्या समोरच्या भागात, एका ताईंचं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, अर्ज. त्यांच्या जुन्या इंटेल मशीनवर मिंट एक्सएफसीई होतं. रायटर या लिखाणाच्या प्रोग्रॅममध्ये मजकूर वर सरकवला की ओळी एकमेकींवर चढायच्या, विंडो ओढली की ती हातामागून रेंगाळत यायची, आणि पंख्याचा आवाज दाराबाहेर ऐकू यायचा. मी पोचलो तेव्हा दुकानात वकिलांचे कारकून कागद घेऊन उभे होते आणि ताई घड्याळाकडे बघत होत्या. मी कंपोझिटरची खूण काढली. सरकवणं बऱ्यापैकी सुधारलं, पंखा मात्र तसाच ओरडत राहिला. ताईंचं काम सुरू झालं, आणि मला एक धागा मिळाला: कंपोझिटर गेला तरी प्रोसेसरवरचा भार पूर्ण गेलेला नाही.

दुकान बंद व्हायच्या वेळी परत गेलो. टर्मिनलमध्ये जीएलएक्सइन्फो ही ग्राफिक्सची माहिती देणारी आज्ञा चालवली आणि ओपनजीएल रेंडरर, म्हणजे चित्र कोण काढतंय, हे लिहिलेल्या ओळीकडे बघितलं. तिथे इंटेलच्या चिपचं नाव यायला हवं होतं, आलं होतं एलएलव्हीएमपाइप. याचा अर्थ ग्राफिक्सचं काम चिप करतच नव्हती, मेसा या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमधला रेंडरर ते सगळं प्रोसेसरकडून करून घेत होता. मग कर्नल कोणत्या पर्यायांनी सुरू झालंय ते पाहिलं, तर त्यात नोमोडसेट. कोणीतरी इन्स्टॉल करताना स्क्रीन काळा पडला म्हणून तो पर्याय टाकला होता आणि तो पुढे तसाच राहून गेला. नोमोडसेट असलं की कर्नल ग्राफिक्स चिपचा नेहमीचा ड्रायव्हर हातात घेत नाही. ग्रब, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल चालू करणारा प्रोग्रॅम, त्याच्या फाइलमधून तो शब्द काढला, अपडेट-ग्रब चालवलं, मशीन पुन्हा सुरू केलं. रेंडररच्या ओळीत इंटेल आलं, पंखा शांत झाला, आणि मग मी कंपोझिटर परत चालू करून दिला. त्यांच्या मशीनवर आज इफेक्ट चालू आहेत.

तुमच्या सल्ल्याप्रमाणे मी आल्या आल्या ड्रायव्हरला हात घातला असता, मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट केलं असतं, तर ते कारकून दुसऱ्या दुकानात गेले असते. माणसाचं काम आधी चालू करून देणं आणि मूळ कारण नंतर शांतपणे शोधणं, याला पळवाट म्हणत असाल तर तुम्ही दुसऱ्याच्या दुकानात बसून मशीन दुरुस्त केलेलं दिसत नाही. हे मी रागाने लिहितोय, पण विचार करूनच लिहितोय.

आणि ड्रायव्हरबद्दल मी लिहिलं नाही हे साफ खोटं आहे. पोस्टच्या मध्यावर एलएलव्हीएमपाइपचा पूर्ण परिच्छेद आहे. त्याच्या खाली सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, याबद्दल लिहिलंय: ते चालू असेल आणि एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर सही नसेल, तर कर्नल ड्रायव्हरचा तो भाग (मॉड्यूल) घेत नाही आणि माणूस ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतो. तुम्ही ‘बंद करा’ हे दोन शब्द वाचून थांबलात.

पोस्टमध्ये नव्हती अशी एक गोष्ट इथे घालतो, इतर वाचकांच्या उपयोगाची आहे म्हणून. दोष दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर किंवा फोनवर उघडा. काळे चौकोन, मेनूचे ठसे, तुटलेल्या सावल्या त्या फाइलमध्येही दिसल्या, तर चित्र तयार होतानाच बिघडतंय. फाइल स्वच्छ आली आणि डोळ्यांना मात्र आडवी चीर किंवा लुकलुक दिसत असेल, तर चित्र नीट तयार होतंय आणि स्क्रीनपर्यंत पोचताना बिघडतंय. मग चित्र आणि मॉनिटर यांच्या ताळमेळाची, म्हणजे व्हीसिंकची, गडबड, नाहीतर सैल केबल. एक्सएफसीईचा स्वतःचा कंपोझिटर व्हीसिंक नीट सांभाळायला लागला तो ४.१४ पासून, ऑगस्ट २०१९ मध्ये. त्याआधीची आवृत्ती कुठे चालू असेल तर तिथे चिरा दिसणं नेहमीचंच. अंबडला एका ऑफिसात लुकलुकीपायी सगळी सिस्टीम नव्याने टाकायची तयारी झाली होती. स्क्रीनशॉट स्वच्छ आला म्हणून मी टेबलामागे वाकून पाहिलं, तर व्हीजीए केबलचा एक स्क्रू कधी लावलेलाच नव्हता.

केडीई (लिनक्सवरचा आणखी एक डेस्कटॉप) वापरणाऱ्यांसाठीही एक सांगतो. त्यांचा विंडो मॅनेजर केविन, जो कंपोझिटरचंही काम करतो, ओपनजीएलवर चालताना कोसळला, तर तो पुढच्या वेळी ओपनजीएल असुरक्षित धरून इफेक्टच चालू करत नाही. ही नोंद केविनआरसी नावाच्या फाइलमध्ये राहते. ड्रायव्हर सुधारल्यावरही ती आपोआप जाईलच असं नाही, आणि माणसं चांगला ड्रायव्हर काढून दुसरा टाकत बसतात. सेटिंगच्या पानावर तसा इशारा दिसत असेल तर तिथलंच बटण दाबून ओपनजीएलला परत संधी द्या. नवीन युजर बनवून त्यात लॉगिन केलं तरी कळतं: तिथे सगळं ठीक चालत असेल तर बिघाड तुमच्या होम फोल्डरमधल्या सेटिंगचा आहे, कार्डाचा नाही.

ऑल्ट-शिफ्ट-एफ१२ बद्दल तुमचं म्हणणं मान्य. ती कळ केडीईची आहे आणि पोस्टमध्ये ते वाक्य एक्सएफसीईच्या परिच्छेदाला चिकटून आलंय, त्यामुळे गैरसमज होऊ शकतो. वाक्य वेगळं केलंय. एवढंच लिहिलं असतं तर मी तुमचे आभार मानले असते.

वेलँडबद्दल फार लिहीत नाही. तिथे कंपोझिटर हाच डिस्प्ले सर्व्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र पोचवणारा प्रोग्रॅम, असतो, त्यामुळे तो बंद करायचा प्रश्नच येत नाही, फक्त एकेक इफेक्ट बंद करता येतो. हे मला ठाऊक आहे. पण पोस्ट एक्सएफसीईवर होती. एक्सएफसीईने वेलँडला प्रायोगिक आधार दिला तो ४.२० मध्ये, डिसेंबर २०२४ला, आणि त्यातही त्यांचा स्वतःचा विंडो मॅनेजर वेलँडवर आलेला नव्हता. तुम्ही स्वतः एक्सएफसीई वापरता आणि मला एक्स११ धरून बसल्याबद्दल बोल लावता, हे कुठल्या न्यायाने?

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. नाशिकमध्ये आजही दुकानदार, क्लासवाले, लहान ऑफिसं जुन्या मशीनवर लिनक्स टाकायला तयार होतात, कारण त्यांना मशीन बदलणं परवडत नाही. त्यांना अडचण आली की ते मराठीत शोधतात. त्यांच्यातल्या कोणी पहिल्यांदाच प्रश्न विचारला आणि त्याला ‘माऊस हातात आला की’ असलं काही ऐकायला मिळालं, तर तो माणूस परत विचारत नाही. गुपचूप जुनं पायरेटेड विंडोज टाकून घेतो. मी हे होताना पाहिलंय. मला बोललात ते एक वेळ चालेल, पण माझ्या पोस्टखाली नवख्या वाचकांशी ही भाषा मी चालवून घेणार नाही. यापुढे तशी प्रतिक्रिया आली तर काढून टाकेन.

राहिला तुमच्या लॅपटॉपचा सस्पेंडनंतरचा रंगीत कचरा. तुमच्याकडे एनव्हिडियाचा कंपनीचा ड्रायव्हर आहे असं तुम्ही लिहिलंय. तो ड्रायव्हर सस्पेंडच्या वेळी कार्डाच्या व्हिडिओ मेमरीतला सगळा डेटा जपेलच असं नाही, आणि उठल्यावर जिथे विंडोचं चित्र असायला हवं तिथे कचरा दिसतो. त्यासाठी ड्रायव्हरच्या मॉड्यूलला ‘प्रिझर्व्ह व्हिडिओ मेमरी अ‍ॅलोकेशन्स’ हा पर्याय १ करून द्यावा लागतो, आणि सिस्टमडीमधल्या (लिनक्सवर पार्श्वभूमीतल्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम) एनव्हिडिया-सस्पेंड आणि एनव्हिडिया-रिझ्यूम या सेवा चालू असाव्या लागतात. मेमरीतला डेटा तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवला जातो, त्यामुळे तिथे कार्डाच्या एकूण मेमरीपेक्षा निदान ५ टक्के जास्त जागा मोकळी ठेवा. तात्पुरता फोल्डर रॅममध्येच बसवलेला असेल तर फाइलची जागा बदलून डिस्कवर न्या. आणि हे सगळं करण्याआधी, कचरा दिसत असताना, कंपोझिटरची खूण एकदा काढून परत लावा. विंडो तेवढ्याने स्वच्छ झाल्या तर कारण हेच आहे असं मानायला हरकत नाही. नाही झाल्या तर त्या बूटचा जर्नल (सिस्टीमच्या नोंदी) आणि ड्रायव्हरची आवृत्ती प्रतिक्रियेत टाका, मी बघतो.