इंजिन सुरू झाले म्हणजे जुनी पिकअप चांगली, असे नव्हे

जुनी पिकअप विकत घेऊन ती दुरुस्त करू पाहणाऱ्यांपर्यंत एक सल्ला हमखास पोहोचतो. त्याचा मथितार्थ असा: जुन्या गाड्यांचे लोखंड जाड असल्यामुळे त्यांना काही होत नाही, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले आणि धूर दिसला नाही की गाडी घेण्याजोगी समजावी, गाडी जितकी जुनी तितकी ती घरी दुरुस्त करायला सोपी, वजनामुळे ती अपघातात नव्या गाडीपेक्षा सुरक्षित, आणि आधी रंग व टायर करून घ्यावेत, बाकीचे चालवता चालवता होत जाते. यातले प्रत्येक विधान कुठल्या तरी खऱ्या निरीक्षणावरून निघाले आहे, म्हणूनच ते पटकन पटते. जुन्या पिकअप मला मनापासून आवडतात आणि त्या भंगारात जाण्याऐवजी रस्त्यावर राहाव्यात असे वाटते. पण हा सल्ला तंतोतंत पाळणारा माणूस नेमकी चुकीची गाडी घेतो आणि चुकीच्या क्रमाने तिच्यावर पैसे घालतो.

पहिले विधान जाड लोखंडाचे. पिकअपचे वजन आणि तिच्यावर लादलेला माल दरवाजाचा किंवा बॉनेटचा पत्रा पेलत नाही. तो भार खालची चॅसी पेलते, म्हणजे दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. केबिन आणि हौदा (मागची माल ठेवायची उघडी जागा) हे दोन्ही तिच्यावर बोल्टने बसवलेले असतात. पत्रा जाड असला तर गंज आरपार जायला जास्त काळ लागतो, एवढेच. गंज धरण्याची क्रिया जाडीने थांबत नाही. ज्या चॅसीच्या तुळया चारही बाजूंनी बंद असतात, त्यांच्या आत भोकांतून पाणी आणि चिखल शिरतो, तो तिथेच ओला राहतो आणि लोखंड आतून खाल्ले जाते, तर बाहेरचा काळा रंग मात्र शाबूत दिसतो. उघड्या तुळया लवकर वाळतात, पण जिथे दोन जाडीचे पत्रे रिव्हेटने एकमेकांवर बसवलेले असतात तिथे त्यांच्यातही ओल अडकते. समुद्राची खारी हवा किंवा बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ हे सारे कित्येक पटींनी वेगवान करते.

हा धोका किती खरा आहे याचे एक सर्वज्ञात उदाहरण देतो. २००८ मध्ये टोयोटाने अमेरिकेतल्या १९९५ ते २००० या वर्षांच्या टॅकोमा पिकअपसाठी चॅसीच्या गंजापुरती हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि ज्यांची चॅसी वाचवण्यापलीकडे गेली होती त्या गाड्या परत विकत घेतल्या. त्या गाड्या तेव्हा फार जुन्याही नव्हत्या, आणि तो प्रश्न इंजिनाचा नव्हताच.

म्हणून पाहणीची सुरुवात बॉनेट उघडून नव्हे, तर गाडीखाली आडवे होऊन करावी. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) हँगर जिथे चॅसीला जोडलेले असतात ती जागा, मागच्या अ‍ॅक्सलवरून तुळई वर वळते तो भाग, इंधनाच्या टाकीमागचा न दिसणारा पट्टा आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवतीची जागा, एवढ्या ठिकाणी हातोडीने हलके ठोकून पाहावे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते आणि कुजलेले भद्द वाजते; शंका आली तर जुन्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. सारी गाडी जुनाट आणि फक्त खालचा भाग ताज्या काळ्या लेपाने चकचकीत असेल, तर तो लेप कशासाठी दिला हे विक्रेत्याला विचारावे, आणि टोक लावून पाहू देत नसेल तर तिथून निघावे. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी नसेल, तर चॅसी वाकलेली किंवा बसलेली असण्याची शक्यता मोठी. पत्र्याचे ठिगळ कोणीही लावून देतो. भार पेलणाऱ्या तुळईवरचे वेल्डिंग मात्र वेगळे काम आहे, कारण जोडाच्या कडेला उष्णतेने लोखंडाचा गुण बदलतो आणि पुढची चीर बहुधा तिथूनच निघते. ते फक्त चॅसीचे काम जाणणाऱ्याकडूनच करून घ्यावे, आणि त्याचा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करावा.

आता इंजिन. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेले इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होते, यात नवल नाही. पोहोचल्याबरोबर बॉनेटवर आणि रेडिएटरवर हात ठेवून गाडी थंड आहे ना हे पाहावे, नसेल तर दुसऱ्या दिवशी यावे. थंड इंजिन सुरू होताना निघालेला निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर आणि गोडसर वास असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, सिलिंडरमध्ये शिरत आहे. धूर न दिसणेही फसवू शकते, कारण जाड ऑइल भरून धूर काही दिवस दाबता येतो आणि रेडिएटरमध्ये गळती बुजवणारी पूड टाकून तिथली गळतीही झाकता येते. जाड ऑइल थंड इंजिनात वर पोहोचायला वेळ लावते, तेवढा वेळ बेअरिंगा कोरड्या घासतात. आणि ती पूड पुढे रेडिएटरच्या बारीक नळ्याच बुजवते.

खरा निकाल कॉम्प्रेशन तपासणीत मिळतो. पेट्रोल इंजिनाचे सर्व प्लग काढून, इग्निशन आणि इंधन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडी ठेवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर काहीतरी बिघडले आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे पाहावे लागते. डिझेल इंजिनाचा दाब कितीतरी अधिक असल्यामुळे त्याला वेगळे मापक लागते. मीटरवरच्या किलोमीटरवर तर मी फारसे विसंबत नाही: अनेक जुन्या मीटरना पाचच आकडे असतात आणि ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येतात. क्लचच्या पेडलवरचे रबर, चालकाच्या सीटची कड आणि दरवाजाची बिजागरी हे तिघे अधिक खरे बोलतात.

असे असले तरी कमकुवत इंजिन हे गाडी नाकारण्याचे सर्वांत मोठे कारण नव्हे. इंजिन उतरवता येते, बांधता येते, दुसरे बसवता येते. मजबूत चॅसीवरचे थकलेले इंजिन मी घेईन. कुजलेल्या चॅसीवरचे उत्तम इंजिन घेणार नाही.

जुनी गाडी घरी दुरुस्त होते, हे विधान बरेचसे खरे आहे आणि ते मान्य करायला हवे. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि हात घालायला मोकळी जागा असलेले इंजिन शिकाऊ माणसाला खूप काही शिकवते. मात्र सोपेपणा वयाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. १९८० च्या दशकातल्या अनेक गाड्यांवर व्हॅक्यूमच्या नळ्यांचे जाळे आणि संगणकाने चालणारा कार्ब्युरेटर असतो, आणि त्यातला दोष शोधणे जाणकारांनाही जड जाते. त्याउलट, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झालेली ओबीडी-२ ही निदानपद्धती ज्या गाड्यांत आहे, त्यांत दोष कुठे शोधायचा याची दिशा एक साधे यंत्र देते. शिवाय जुन्या गाडीत वेळ खातो तो गंजून बसलेला बोल्ट. एक्झॉस्टचा स्टड तुटला की छोटे काम मोठे होते. मॉडेल ठरवण्यापूर्वी त्याचे सुटे भाग मिळतात का आणि त्याची दुरुस्तीपुस्तिका उपलब्ध आहे का हे पाहावे. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. कठीण, सपाट जमीन, पक्के स्टँड आणि चाकांना अडण्या, एवढे नसेल तर काम थांबवावे.

वजनामुळे सुरक्षितता, हा दावा मला सर्वांत घातक वाटतो. आपल्याहून हलक्या गाडीशी टक्कर झाली तर वजनाचा फायदा होतो, हे भौतिकशास्त्र खरे आहे. पण झाड किंवा भिंत हलकी नसते, आणि न चेपणारी पुढची बाजू धक्का शोषून न घेता केबिनपर्यंत पोहोचवते. २००९ मध्ये अमेरिकेतील आयआयएचएस या रस्ता-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू या मोटारी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एकमेकींवर अर्धवट समोरासमोर आदळवल्या. जुनीची केबिन कोलमडली, तर नवीची टिकून राहिली. त्या पिकअप नव्हत्या, पण धडा जाड पत्र्याबद्दलचाच आहे. पिकअपची आणखी एक अडचण अशी की हौदा रिकामा असताना मागची चाके हलकी पडतात आणि जोराच्या ब्रेकला, विशेषतः ओल्या रस्त्यावर, आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. फार जुन्या गाडीत ब्रेकचे एकच सर्किट असेल, तर एका नळीच्या गळतीने चारही चाकांचे ब्रेक जातात. तिथे दुहेरी मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटे करणारा, बसवून घेणे हा मी पहिल्या खर्चांपैकी एक मानतो.

शेवटी कामांचा क्रम. टायर आधी बदलावेत, हे बरोबर आहे, पण नक्षी खोल दिसते म्हणून जुने टायर ठेवू नयेत. २००० नंतरच्या टायरवरील डॉट या खुणेच्या अखेरीस चार आकडे असतात आणि ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. दहा वर्षे उलटलेला टायर न झिजताही बदलण्याजोगा असतो. टायरबरोबरच ब्रेकचे रबरी पाइप, लोखंडी नळ्या आणि ब्रेक ऑइल यांचा नंबर लागतो. हे ऑइल हवेतली ओल शोषते: ताज्या डॉट-३ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओल शोषलेल्याचा १४० अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि लांब उतारावर ते उकळले की पेडल थेट तळाला जाते. मग इंधनाच्या नळ्या, स्टिअरिंगचे सांधे, कूलिंग, आणि टायमिंग बेल्ट असेल तर तो, कारण तो किती वर्षांचा आहे हे विक्रेत्याला बहुधा सांगता येत नाही. रंगाचे काम त्यानंतरचे. गंजावर चढवलेला रंग फुगतो, वेल्डिंगची उष्णता शेजारचा ताजा रंग जाळते, आणि नळ्या बदलताना ब्रेक ऑइलचे थेंब पडले तर नवा रंगही तिथून सुटून येतो.