आमचा मेहुणा पायाळू आहे

यादी साधी होती. टॉर्च, नायलॉनची दोरी, ताडपत्री आणि एक छोटी कुदळ. बेतही साधाच. पितळखोऱ्याच्या लेण्यांकडून निघायचं, गौताळा अभयारण्याच्या कडेकडेनं अंतूर किल्ल्याच्या पायथ्याला पोचायचं आणि मधली रात्र त्याच्या हद्दीबाहेर, मालकाला विचारून एखाद्या शेतात काढायची. 1972चा वन्यजीव कायदा वाचून काढला होता. कन्नडच्या एका दुकानाबाहेर रंगाच्या डब्यावर एक काका बसलेले असतील, हे त्यात कुठल्याच कलमात नव्हतं.

"कुदळ कशाला?" काकांनी तंबाखू मळता मळता विचारलं.

"सकाळी खड्डा करायला." खरं तेच सांगितलं. चार गिऱ्हाइकांसमोर आणखी किती खुलासा करणार?

"कुठं?"

"अंतूरच्या अलीकडं."

"कधी?"

"अमावस्येला." चांदणं नसलं की तारे छान दिसतात, हे मी जोडलं, पण काकांचा अंगठा तोवर तळहातावर थांबला होता. पान खाली सांडलं तरी त्यांचं लक्ष नाही.

"नारळ घेतला का?"

"नारळ कशाला?"

"बरं बरं, नका सांगू." मग डबा माझ्याकडं सरकवत, आवाज उतरवून, "सर, आमचा मेहुणा पायाळू आहे."

आता पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, एवढं मलाही ठाऊक. पण याच मेहुण्यानं स्वतःच्या वावरात घेतलेले बोअर एकामागून एक कोरडे गेले, हेही काकांनीच ओघात सांगितलं. मी तेवढं धरून ठेवलं.

"मग पाणी कसं दिसलं नाही?"

"पाणी वेगळं, धन वेगळं," काका शांतपणे म्हणाले. "पाणी असंल तर दिसंल ना!"

यावर मराठवाड्यातला माणूस काय बोलणार? शेवटचं अस्त्र म्हणून कायदा काढला. 1878पासून नियम आहे, दहा रुपयांच्या वर गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

"दहाच्या आत दाखवू की!"

दुकानदारासकट सगळे हसले. मला मात्र अजून हसू येत नाही. पुण्याचा माणूस रविवारी गडावर गेला की तो ट्रेकर. आमच्याकडं पायी निघायचं तर नाथषष्ठीला पैठणला निघावं, नाहीतर बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला. उगीच, हौस म्हणून चालणारा दिसला की लोक आधी त्याच्या पिशवीत बघतात. 2019 साली टिपेश्वरचा एक वाघ हिंगोली जिल्ह्यातून वाट काढत पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, 1,300 किलोमीटरच्या वर चालून. त्याच्या गळ्यात माग काढणारा पट्टा होता खरा, पण त्याला कुणी नारळाचं विचारलं नाही. रात्रीचे मुक्कामही त्यानं मनाला येईल तिथं केले असणार.

कुदळ मिळाली. दुकानदारानं बिलावर माझं नाव, गाव, मोबाईल नंबर मोठ्यानं म्हणत लिहून घेतला. इतर कुणाचं बिल असं झालं नाही. दोरी तर त्यानं मोजतानाच दोनदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला. मेहुणे बोलत होते. अमावस्या त्यांना सोयीची होती, वाटणीचं नंतर बघू म्हणाले, माणूस तसा सरळ वाटला. अडचण एकच होती.

"सर, गाडी थेट वरपर्यंत जाते ना? मला चालवत नाही."