भाडं गोठलं, पण उपकराचं काय?

‘१९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानेच मुंबईच्या चाळी मोडकळीला आणल्या’ हे मुंबईच्या चाळींवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं. भाडं १९४०च्या पातळीवर गोठलं, मान्य. पण १९६९च्या कायद्याने दुरुस्ती उपकर, म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा जादा कर, बसला, तो भाडेकरूही भरत आले, त्याचा उल्लेखच नाही! आमच्या गिरगावातल्या पावतीवर भाड्यापेक्षा उपकराचा आकडा मोठा असायचा. मालकाने जिन्याखाली लावलेले लाकडी टेकू मात्र बारा वर्षं तिथेच. आई त्यांनाच दोरी बांधून कपडे वाळत घालायची.

आणि म्हाडा कायद्याच्या २०२०च्या सुधारणेतलं कलम ७९-अ लेखात का वगळलं? पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला मालकाला सहा महिने, तो हलला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित गृहनिर्माण संस्थेला ती संधी. एवढं सुचायला पन्नास वर्षं लागली.