एकरी चार पोती मीठ म्हणे!

"सावधान! कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत" अशी सुरुवात असलेला तो मेसेज महिन्याभरात मला पाच वेळा आला. चार वेळा सोडून दिला. पाचव्यांदा आला तो धाकट्या काकांकडून, आणि खाली त्यांनी स्वतः टाइप केलं होतं, "उद्या करून बघतो." काका म्हणजे माती परीक्षणाचा अहवाल लॅमिनेट करून ठेवणारा माणूस. त्यांच्या हातून जर जमिनीत मीठ पडणार असेल, तर बाकीच्यांचं काय? म्हणून लिहायला बसले.

ज्यांच्यापर्यंत हे पोचलं नाही त्या भाग्यवंतांसाठी सार सांगते. मीठ, व्हिनेगर आणि भांडी घासायचा साबण पाण्यात मिसळून फवारा. एकरी चार पोती मीठ बसलं पाहिजे. तण जन्मात पुन्हा उगवणार नाही. मीठ नैसर्गिक, त्यामुळे जमिनीला अपाय नाही, आणि राहिलंच थोडंफार तर पहिल्या पावसात धुऊन जातं. तणनाशक मात्र मातीत 50 वर्षं राहतं. शिवाय त्यात भेसळ असते, म्हणून त्याने हल्ली तण मरतही नाही. आणि आपल्या पणजोबांच्या काळी तण नव्हतंच, ते रासायनिक खतांबरोबर आलं. शेवटी अर्थातच, "पुढे पाठवा, शेतकरी वाचवा."

आधी मीठच घेऊ, कारण बाकीचं निदान नुसतं चुकीचं आहे. हे जमीन घालवणारं आहे.

चार पोती म्हणजे 50 किलोच्या हिशेबाने 200 किलो. एक लिटर पाण्यात साधारण 360 ग्रॅम मीठ विरघळतं, त्यापुढे ते तळाशी बसतं. म्हणजे 200 किलो मीठ नुसतं विरघळवायलाच 550 लिटरच्या वर पाणी लागेल. पाठीवरच्या 16 लिटरच्या पंपाने एका एकरात पस्तीसच्या वर फेऱ्या, त्याही मीठ अगदी काठोकाठ विरघळलेलं असताना. नोझल पहिल्या दोन फेऱ्यांतच तुंबलं असतं. ज्याने हा मेसेज लिहिला त्याने आयुष्यात कधी पंप पाठीला लावलेला नाही, एवढं मी पैजेवर सांगते.

बरं, फवारायचं सोडा, कोणी पोती तशीच फोडून विस्कटली असं धरू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने सिंचनाच्या पाण्यावर एक पुस्तिका काढलेली आहे, 1985 ची सुधारित आवृत्ती. तिच्यात कोणतं पीक किती खारटपणा सोसतं याचा तक्ता आहे, आणि जगभरचे माती-पाणीवाले आजही तोच उघडून बसतात. खारटपणा मोजतात विद्युतवाहकतेवर (मीठ जास्त तेवढी पाण्यातून वीज जास्त वाहते), एकक डेसीसायमन प्रति मीटर. (हे आकडे संपृक्त मातीच्या अर्काचे, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचे आहेत. तुमच्या माती परीक्षणाच्या अहवालातला 'ई.सी.', म्हणजे हीच वाहकता, बहुधा वेगळ्या पद्धतीने काढलेला असतो, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.) त्या तक्त्यात श्रावणघेवडा 1.0 पर्यंत तग धरतो, गाजरही तेवढंच. कांदा 1.2. मका 1.7. टोमॅटो 2.5. या आकड्याच्या पुढे उत्पन्न घटू लागतं. घेवड्याचं दर एककाला 19 टक्के, कांद्याचं 16.

आता त्याच तक्त्यात खाली जा. हराळी: 6.9.

हो, तीच हराळी, जिच्या जमिनीत पसरलेल्या काशा वेचून वेचून आपल्या कंबरा मोडल्या. ती घेवड्याच्या जवळजवळ सातपट खारटपणा सोसते, आणि मेसेजमधल्या फोटोत नेमकी तीच दाखवली आहे. 200 किलो मीठ वरच्या पाच सेंटिमीटर मातीत मिसळलं तर मध्यम जमिनीत तिथला खारटपणा ढोबळमानाने 2.5 ते 3 ने वाढतो. हा हिशेब मी मातीचं वजन धरून स्वतः केला आहे, तुम्हीही कागदावर करून बघा. बी रुजतं ते याच पाच सेंटिमीटरमध्ये. म्हणजे या उपायाने घेवडा, कांदा, मका सगळे आजारी पडतील आणि हराळी मजेत राहील. पिकासाठी तण मारायचं की तणासाठी पीक, हे लिहिणाऱ्याने आधी ठरवायला हवं होतं.

मग फोटोत तण करपलेलं दिसतं ते कसं? मीठ आणि व्हिनेगर पानाला लागलं की पान भाजतं, एवढंच. मुळापर्यंत काहीच पोचत नाही. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये सुमारे 5 टक्के ॲसेटिक आम्ल असतं. त्याने नुकती उगवलेली, दोन पानांवरची कोवळी रोपं मरतात, हे खरं. हराळी किंवा लव्हाळा मात्र खालच्या काशांतून आणि गाठींतून पुन्हा वर येतो. तिसऱ्या दिवशी फोटो काढला की चमत्कार दिसतो. विसाव्या दिवशीचा फोटो कोणी पाठवत नाही. "मग 20 टक्क्यांचं आम्ल आणू का?" असं काकांनी विचारलंच. काका, ते डोळ्यात उडालं तर डोळा जातो. नैसर्गिक असलं तरी जातो.

"पावसात धुऊन जातं" हे वाक्य सगळ्यात घातक, कारण ते अर्धं खरं आहे. मिठाचे दोन भाग, सोडियम आणि क्लोराइड. क्लोराइड पाण्याबरोबर खाली निघून जातं. सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतं आणि तिथल्या कॅल्शियमला हुसकावून लावतं. कॅल्शियम होतं म्हणून मातीचे कण एकमेकांना धरून होते, ढेकूळ भुसभुशीत होतं. ते गेलं की वरून गोडं पावसाचं पाणी पडताच कण सुटे होतात, सुट्या कणांनी छिद्रं बुजतात आणि वर साय धरावी तसा थर धरतो. ओली असताना चिकट, वाळली की दगड. यालाच आपण चोपण जमीन म्हणतो. आता त्यात पाणीच मुरत नाही, मग उरलेलं मीठ धुवायचं कशाने? ज्या पावसाच्या भरवशावर तुम्ही मीठ टाकलं, तोच पाऊस जमिनीचं तोंड बंद करतो. हलक्या वाळूच्या, निचऱ्याच्या जमिनीत एवढं होणार नाही, हे मान्य. भारी काळ्या जमिनीत होतं, आणि मग जिप्सम टाका, चर काढा, गोडं पाणी भरा, असं वर्षानुवर्षं निस्तरत बसावं लागतं. जिप्सम कशासाठी? तर तेच हुसकावलेलं कॅल्शियम परत द्यायला.

साबणाबद्दल फार बोलत नाही. पाणी पानावर पसरायला त्याची मदत होते, एवढं बरोबर. त्याच कामासाठी बनवलेली चिकट-पसरट द्रव्यं मिळतात, ती किती घालायची हे बाटलीवर लिहिलेलं असतं. भांड्यांच्या साबणावर ते लिहिलेलं नसतं.

"जन्मात पुन्हा उगवणार नाही" यावर मात्र थांबावंसं वाटतं, कारण यामागची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात विल्यम जेम्स बील नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. शेतकरी त्यांना विचारायचे की निंदून निंदून तणाचं बी कधी संपतं का? 1879 मध्ये त्यांनी तणांच्या बिया ओलसर वाळूत मिसळून 20 बाटल्यांत भरल्या आणि त्या तोंड खाली करून पुरल्या, पाणी आत साचू नये म्हणून. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची आणि काय उगवतं ते बघायचं. बील गेले, त्यांच्यानंतर सांभाळणारेही बदलत गेले, बाटल्या निघत राहिल्या. 2021 मध्ये, म्हणजे 142 वर्षांनी, एक बाटली रात्रीच्या अंधारात टॉर्च घेऊन काढली, उजेड लागून बिया आधीच जाग्या होऊ नयेत म्हणून. त्यातल्या व्हर्बॅस्कम नावाच्या तणाच्या बिया उगवल्या! अजून बाटल्या जमिनीत आहेत, पुढची 2040 मध्ये निघायची आहे. सगळीच तणं एवढी चिवट नसतात, बहुतेकांचं बी काही वर्षांत संपतं. पण मातीत बियांची जी पेढी साठलेली असते, ती एका फवारणीत बुडत नाही. नांगराचा एक फेरा दिला की खालचं बी वर येतं आणि पुन्हा श्रीगणेशा.

तणनाशक 50 वर्षं मातीत राहतं, हा आकडा कुठून आला देव जाणे. प्रत्येक तणनाशकाचं वेगळं असतं. सगळ्यात जास्त शिव्या खाणारं ग्लायफोसेट 1974 मध्ये बाजारात आलं. ते मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं आणि जिवाणू ते मोडतात. जमीन आणि हवामान बघून ते निम्मं व्हायला काही दिवसांपासून काही महिने लागतात. 50 वर्षं नाही. पण इथे मला काकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. काही तणनाशकं पुढच्या हंगामापर्यंत राहतात आणि दुसरं पीक घेतलं की रोपं पिवळी पाडतात. ॲट्राझिन नावाचं तणनाशक भूजलातही सापडलं आहे. ग्लायफोसेटबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये "बहुधा कर्करोगकारक" असं म्हटलं, त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तसा धोका संभवत नाही असं म्हटलं. पहिलीने ग्लायफोसेट आणि ते घातलेली तयार औषधं दोन्ही पाहिली, दुसरीने नुसतं ग्लायफोसेट. हा वाद खरा आहे, आणि हातमोजे, मास्क न घालता फवारणाऱ्यांना मीही रागावते. मी काही कंपन्यांची वकील नाही. पण तणनाशकाची भीती हे मिठाच्या बाजूचं कारण कसं होतं, ते मला अजून समजलेलं नाही.

तणनाशकाने तण मरत नाही, हेही नाइलाजाने मान्य. जगभरात 270 हून अधिक तणांच्या जातींमध्ये कुठल्या ना कुठल्या तणनाशकाला दाद न देण्याची ताकद आलेली आहे. ग्लायफोसेटला न जुमानणारं पहिलं तण ऑस्ट्रेलियात 1996 मध्ये नोंदलं गेलं, एक रायगवत. कारण मात्र मेसेजमध्ये लिहिलंय तसं "भेसळ" नाही. वर्षानुवर्षं तेच औषध, त्याच वेळी, त्याच शेतात मारलं की लाखांतून वाचलेली दोन-चार रोपं बी धरतात आणि पुढच्या वर्षी शेतभर त्यांचीच पिल्लं. दुकानात नाव बदलून दुसरी बाटली आणली तरी आतलं द्रव्य त्याच पद्धतीने काम करणारं असेल तर उपयोग शून्य. बदलायची ती काम करण्याची पद्धत, आणि मधेमधे कोळपं, खुरपं.

पणजोबांच्या काळी तण नव्हतं? निंदणी, खुरपणी, कोळपणी, वखरणी हे शब्द मग कोणी आणि कशासाठी काढले? "तण खाई धन" ही म्हण खताच्या पोत्याबरोबर आलेली नाही. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. त्यातल्या एका पट्ट्याला तेव्हापासून खताचा कणही दिलेला नाही आणि एका भागात तणनाशक कधीच मारलेलं नाही. तिथे तण आहे, भरपूर आहे. खत दिलेल्या भागात तणामुळे होणारं नुकसान वाढत गेलं आहे हे खरं, पण त्याला वाढतं तापमान आणि गव्हाच्या बुटक्या जातीही कारणीभूत आहेत. खतांमुळे तण जास्त खातं एवढं म्हणा. खतांमुळे तण जन्मलं असं म्हणू नका.

काकांना शेवटी मी एवढंच सांगितलं की पेरणीआधी रान भिजवून तण उगवू द्या आणि कोवळं असतानाच वखरा, मग पेरा. पुढचे पाच-सहा आठवडे पीक तणाखाली जाऊ देऊ नका, बहुतेक पिकांचं खरं नुकसान त्याच काळात होतं. बांधावरचं तण फुलावर येण्याआधी कापा. ओळींत आच्छादन घाला. हे कोणी पुढे पाठवत नाही, कारण यात कंपनीने लपवलेलं काही नाही.

पण माझा फोन जाईपर्यंत काकांनी घेवड्याच्या वाफ्याचा एक कोपरा करून बघितलाच होता. दोन पावलं रुंद असेल. तिसऱ्या दिवशी सगळं तपकिरी, आणि तो फोटो लगेच घरच्या ग्रुपवर, खाली पाच टाळ्या. गेल्या रविवारी गेले तेव्हा मी तिथे उकिडवी बसून पाहिलं. टोकलेला घेवडा त्या कोपऱ्यात एकही उगवलेला नाही. मातीवर पांढुरकी साय, नखाने उचलली तर पापुद्रा निघतो. आणि त्या पापुद्र्याला भोकं पाडून हराळीच्या हिरव्या सुया वर आलेल्या, मोजल्या तर एका वितीत अकरा.

काकांना म्हटलं, आता हाही फोटो ग्रुपवर टाका. अजून टाकलेला नाही.