पीयूसी नुसती काढता, की वाचताही?

ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून ॲव्हरेजचं रडगाणं वाढलंय, आणि ते खोटं नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. जुन्या चारचाकी गाड्यांचं ॲव्हरेज ६-७ टक्के उतरू शकतं, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय. दुखणं खरं आहे, म्हणून तर पेट्रोल वाचवून देणारे वैदू सुटलेत. पेट्रोलच्या पाइपवर बांधायचं चुंबक, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायची डबी, ओबीडी पोर्टला (मेकॅनिक गाडी तपासायला मशीन जोडतो तिथे) लावायची 'इको' चिप. (अशा काही चिपा लोकांनी उघडून पाहिल्या, तर आत इंजिनशी बोलायची सोयच नव्हती. नुसते लुकलुकणारे दिवे.) पालुपद सगळ्यांचं एकच: तुमच्या इंजिनात पेट्रोल अर्धवट जळतं, आम्ही ते पूर्ण जाळतो.

अहो, जरा गाडीतली पीयूसी काढा आणि वाचा. बीएस-४ पेट्रोल कारला हायड्रोकार्बनची, म्हणजे न जळलेल्या इंधनाची, मर्यादा आहे २०० पीपीएम. टक्क्यांत ०.०२! पाचवा हिस्सा पेट्रोल खरंच तसंच बाहेर पडत असतं, तर एकतर हा आकडा हजारांत गेला असता, नाहीतर ते पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तोच लालभडक झाला असता. पेट्रोल जळतंच हो. वाया जाते ती उष्णता, रेडिएटर आणि सायलेन्सरमधून. चाकांपर्यंत फार तर पंचवीस-तीस टक्के ऊर्जा पोचते. तिथे चुंबक काय दिवे लावणार?

"पण आमच्या मेहुण्यांना फरक पडला ना!" पडला असेल. पैसे मोजले की माणूस काही दिवस ॲक्सिलरेटर जपून दाबतो, सिग्नल लांबून दिसला तरी पाय काढतो. त्यात आधीची टाकी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये संपलेली असते आणि नंतरची एक्सप्रेसवेवर. श्रेय डबीला.

अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण संस्थेने, अशी शंभरावर उपकरणं तपासली, बहुतेकांनी काहीही वाचवलं नाही. आपल्याकडे तर गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यात वेताळ टेकडीवरच बसलीय. विकणाऱ्याला एकदा विचारा, "तिथला रिपोर्ट आहे का?" मग तो खूश कस्टमरांचे व्हिडिओ दाखवायला लागेल.

आणि हजार रुपयांच्या डबीने खरंच १५ टक्के पेट्रोल वाचत असतं, तर एकेका टक्क्यासाठी डोकेफोड करणाऱ्या चाकण-पिंपरीच्या कंपन्यांनी ती कारखान्यातच बसवली असती. वर टॉप मॉडेलमध्येच देऊन तुमच्याकडून पंचवीस हजार जास्त घेतले असते!