बॉयफ्रेंडसोबत राहिलं की बाफॉग बंद? फॉरवर्ड करणाऱ्यांनो, जरा थांबा

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, सगळे जर्मनीतल्या मराठी मंडळींचे, आणि पाचव्यांदा तर थेट नागपूरहून मावशीने पाठवला, "तुमच्याकडे असं आहे का गं?" म्हणून. मेसेजचा मजकूर साधारण असा: बाफॉग, म्हणजे जर्मन सरकार विद्यार्थ्यांना देतं तो भत्ता, तो घेणाऱ्यांनी पार्टनरसोबत राहू नये कारण पार्टनरचा पगार मोजून भत्ता कापतात, राहायचंच असेल तर आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, दुसऱ्या पत्त्यावर करा, लग्न केलं की भत्ता गेलाच, पण लग्नानंतर आईवडलांचा पगार मात्र मोजत नाहीत, आणि शेवटी, आपल्याला इंडियन म्हणून हे मिळतच नाही. (मिळतच नाही तर मग आधीचे सल्ले कोणासाठी, हे काही मला कळलं नाही.)

पहिल्या मुद्द्यावर जरा वेळ घालवते, कारण सगळी गडबड तिथेच आहे. बाफॉग कायद्याच्या कलम 11 मध्ये कोणाचं उत्पन्न मोजायचं ते क्रमाने दिलंय: आधी विद्यार्थ्याचं स्वतःचं, मग नवरा किंवा बायकोचं किंवा 'लेबेन्सपार्टनर'चं, मग आईवडलांचं. आता हा लेबेन्सपार्टनर शब्द बघितला की कोणालाही वाटणार, अरे म्हणजे सोबत राहणारा पार्टनर, आणि रोजच्या जर्मन बोलण्यात त्याचा अर्थ तोच आहे, पण कायद्यात तो नाही! कायद्यात लेबेन्सपार्टनर म्हणजे रजिस्टर केलेली पार्टनरशिप, जी 2001 पासून समलिंगी जोडप्यांसाठी होती, आणि ऑक्टोबर 2017 पासून त्यांना सरळ लग्नच करता येतं त्यामुळे नव्याने तशी नोंदणी होत पण नाही. म्हणजे नुसतं एका घरात राहणारा बॉयफ्रेंड या यादीत कुठेच बसत नाही. एक वर्ष राहा, सात वर्षं राहा, एकच किचन एकच बेड असू दे, साखरपुडा झालेला असू दे आणि घरच्यांनी मुहूर्त काढलेला असू दे, बाफॉगच्या हिशोबात तुम्ही 'लेडिश' म्हणजे अविवाहितच. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने तर फॉर्मब्लाट 3, म्हणजे बाफॉगचा उत्पन्नाचा फॉर्म, चक्क बॉयफ्रेंडकडून भरून घेतला होता, त्याच्या पगाराच्या स्लिपा पण लावल्या, का तर फॉर्मवर तो शब्द दिसला. तो फॉर्म नवरा-बायको आणि आईवडलांसाठी असतो हो.

आता तो आनमेल्डुंगचा सल्ला. हा नुसता चुकीचा नाही, महागात पडणारा आहे. घर बदललं की दोन आठवड्यांत नोंदणी करायची हा नियम आहे, नाही केली तर 1,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो, ते एक. पण खरी गंमत पुढे आहे. बाफॉगमध्ये राहण्याच्या खर्चाचे पैसे वेगळे धरतात, 2024च्या हिवाळी सेमिस्टरपासून बाहेर राहणाऱ्याला महिना 380 युरो आणि आईवडलांकडे राहणाऱ्याला फक्त 59. हे 380 ठोक मिळतात, भाडं तुम्ही भरता की पार्टनर भरतो हे कोणी विचारत नाही. मग इथेच वाढलेली आपली पोरं मेसेज वाचून काय करतात, राहतात गर्लफ्रेंडकडे आणि पत्ता ठेवतात आईबाबांचा, 'सेफ' म्हणून! कागदावर तुम्ही घरी राहता म्हटल्यावर ऑफिस 59च धरणार ना, म्हणजे जे पैसे कोणी कापणारच नव्हतं ते वाचवायला महिन्याला 321 युरोवर पाणी सोडलं. आणि हो, फ्लॅट आईवडलांच्या मालकीचा असेल तर तिथे एकटे राहिलात तरी 59च. गर्लफ्रेंडच्या आईवडलांच्या घरात राहिलात तर मात्र 380. अजब आहे, पण आहे असं.

लग्न केलं की आईवडलांचा पगार सुटतो, हे आलं कुठून देव जाणे. दुसऱ्या एखाद्या देशात असेल, इथे नाही. आईवडलांना वगळायची कारणं ठरलेली आहेत, वयाच्या तिशीनंतर शिक्षण सुरू करणं, किंवा अठराव्या वर्षानंतर पाच वर्षं नोकरी करून स्वतःचं पोट भरलेलं असणं, अशी. त्यात लग्न नाही. लग्न झालं की उलट नवऱ्याचा पगार वरून जोडला जातो आणि आईवडील आहेत तिथेच राहतात, भले ते साताऱ्याला असोत, त्यांच्या उत्पन्नाचे कागद मागवतातच.

"लग्न केलं की गेलाच" हे अर्धं खरं. जोडीदाराच्या उत्पन्नातून टॅक्स, सोशल इन्शुरन्स वगैरे वजा केल्यावर महिना 1,690 युरो सोडून देतात, आणि त्याच्या वर जे उरतं त्यातलं निम्मंच मोजतात, मुलं असतील तर अजून कमी. समजा सगळं वजा जाता 2,690 उरले, तर वरचे हजार, त्यातले 500 तुमच्या भत्त्यातून जाणार. जास्तीत जास्त भत्ता 992 असतो, हेल्थ इन्शुरन्सचे 137 धरून, म्हणजे आईवडलांच्या उत्पन्नामुळे काही कापलं गेलं नाही तर 492 हातात येतात. आणि हे उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं बघतात, आत्ता पगार कमी झाला असेल तर वेगळा अर्ज करून ताज्या आकड्यावर हिशोब मागता येतो, हे फारच कमी जणांना माहिती असतं. शिवाय नवरा सरकारी हेल्थ इन्शुरन्समध्ये असेल आणि तुमची कमाई नसल्यात जमा असेल तर त्याच्या विम्यात तुम्ही फुकट बसता, तिथे 25 वर्षांची अट नाही. मग ते 137 मिळत नाहीत, पण भरायचे पण नसतात. लिव्ह-इनमध्ये ही सोय नाही.

इंडियन म्हणून मिळत नाही, हे स्टुडंट व्हिसावाल्यांपुरतं जवळपास बरोबर आहे, त्यांनी या नादी लागू नका. पण डिपेंडंट म्हणून आलेल्या बायका (आणि नवरे, ते पण असतात) वेगळ्या खात्यात. ब्लू कार्डवाल्याची (म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर आलेल्याची) बायको 15 महिने इथे कायदेशीर राहिली की अर्ज करू शकते, नवऱ्याकडे पर्मनंट रेसिडन्स असेल तर 15 महिने पण थांबायला नको. मी स्वतः असाच केला होता अर्ज. नवऱ्याच्या आयटीच्या पगाराने निकाल शून्य आला तो भाग वेगळा, पण तो पगारामुळे आला, पासपोर्टमुळे नाही.

आता मेसेज लिहिणाऱ्याची बाजू घेऊन एक सांगते. सोबत राहण्यावरून पगार मोजणारी ऑफिसं जर्मनीत आहेत, फक्त ती दुसरी. बेरोजगारांना आधार देणारं जॉबसेंटर घ्या, तिथे जोडपं एक वर्षापेक्षा जास्त एकत्र राहिलं की दोघं एकमेकांचा खर्च उचलतात असं गृहीतच धरतात, तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या फीचे महिना 18.36 युरो पण घरामागे असतात, बाफॉगवाल्याला सूट मिळाली तरी सोबत राहणारा नोकरीवाला बॉयफ्रेंड ते भरतोच. बहुतेक कोणीतरी जॉबसेंटरचा अनुभव ऐकला आणि बाफॉगला चिकटवला.

मावशीला मी एवढंच लिहिलं की नाही गं, असं नाहीये. तिचा लगेच उलटा मेसेज, "मग तुझी चुलतबहीण कोणासोबत राहते तिकडे?"